झाडं आली, भिंगरी गेली



ज्या सरांच्या स्मरणार्थ दरवर्षी हे व्याख्यान होतं, ते शाळेत भूगोल शिकवायचे. प्राकृतिक नकाशातला हिरवा रंग म्हणजे झाडी नव्हे, सखल जमीन, हे त्यांना प्रत्येक वर्गाला नव्यानं सांगावं लागत असणार. भूगोलाच्या प्रत्येक शिक्षकाला लागतं. पण ती समजूत मोठेपणीही जात नाही. हिरवं दिसलं की रान, तपकिरी दिसलं की उजाड. आजचं माझं बोलणं या समजुतीबद्दल आहे आणि तिच्यापायी संपत आलेल्या एका लहानशा पक्ष्याबद्दल आहे.

पक्षी आफ्रिकेतला आहे. विषय कळवला तेव्हा संयोजकांपैकी एकांनी विचारलं, "हा आपल्याकडे दिसतो का?" नाही दिसत. भारतात त्याचं येणंजाणंच नाही. मग आपण इथे बसून त्याचं काय करायचं? तासाभरात बघू, जमलं तर.

इंग्रजीत त्याला ब्ल्यू स्वॅलो म्हणतात, आपण निळी भिंगरी म्हणू. आपल्याकडे हिवाळ्यात विजेच्या तारांवर ओळीनं बसणाऱ्या भिंगऱ्या तुम्ही पाहिल्या आहेत, त्यांच्याच कुळातली ही. वजन तेरा ग्रॅमच्या आसपास. सगळं अंग एकाच रंगाचं, पोलादी चकाकीचा गडद निळा. ढगाळ हवेत तो काळाच वाटतो. शेपटीच्या दोन्ही कडांची पिसं तारेसारखी लांब, नराची अधिक लांब. कुशीत आणि कमरेवर थोडी पांढरी पिसं असतात, एरवी झाकलेली. मादीपुढे मिरवताना नर ती फुलवून दाखवतो. स्वीडनचे पक्षीशास्त्रज्ञ सुंदेवाल यांनी १८५० साली तिचं शास्त्रीय वर्णन केलं. म्हणजे विज्ञानाला तिची ओळख होऊन पावणेदोनशे वर्षं झाली. त्यातल्या पहिल्या काही दशकांनंतर तिची गोष्ट घसरणीचीच आहे.

मला तीन गोष्टी सांगायच्या आहेत. एक, ती राहते कुठे. दोन, तिची जागा कुणी घेतली. आणि तीन, ती जागा घेतली जात असताना कुणालाच काही कसं वाटलं नाही. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून पहिल्या दोन लवकर आटोपीन. वक्त्याच्या अशा आश्वासनावर किती विश्वास ठेवायचा ते तुम्ही जाणताच.

राहते कुठे? दक्षिण आफ्रिकेचा पूर्वेकडचा उंच कडा डोळ्यांसमोर आणा. हिंदी महासागरावरून येणारं बाष्प त्या कड्याला थडकतं आणि डोंगराच्या अंगावर धुक्याचा एक पट्टाच तयार होतो. पाऊस वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर. या पट्ट्यात, कुठे हजार मीटरवर तर कुठे दीड हजारांच्याही वर, गवताचे लांबच लांब लोळणारे डोंगर आहेत. मध्ये पाणथळ खळगे, ओहोळ. घळीत तेवढी दाट झाडी, बाकी सगळं मोकळं. क्वाझुलु-नाताळ आणि म्पुमलांगा या दोन प्रांतांत हा मुलूख येतो. पुढे उत्तरेला झिंबाब्वेचे पूर्वेचे डोंगर, मलावीचं न्यिका पठार, टांझानियाचं किटुलो. जिथे जिथे असा उंच, ओला, मोकळा गवताळ माथा, तिथे तिथे ही भिंगरी. मध्ये शेकडो किलोमीटर काही नाही. बेटांवर राहावं तशी ती राहते, फक्त ही बेटं पाण्यात नसून डोंगरमाथ्यांवर आहेत.

दक्षिणेत ती सप्टेंबरअखेरीपासून येऊ लागते. तिकडचा हिवाळा कोरडा, तो संपून पहिले पाऊस पडत असतात. गवत जळून गेलेलं असतं आणि राखेतून कोवळे कोंब वर येत असतात. त्या कोंबांवरून, हातभर उंचीवरून ती सुळसुळत उडते आणि चिलटं, माश्या हवेतल्या हवेत टिपते. धुकं असो, झिमझिम असो, तिचं काम चालू. मग घरटं. हे ऐकण्यासारखं आहे.

ती घरटं बांधते जमिनीच्या खाली.

भिंगरी म्हटली की आपल्याला वळचण आठवते, पुलाची कमान आठवते. ही मात्र जमीन खचून झालेल्या विवरात उतरते. नाहीतर आर्डवार्कच्या बिळात. आर्डवार्क म्हणजे डुकराएवढा, लांब तोंडाचा, वाळवी खाणारा प्राणी. रात्रभर जमीन उकरत हिंडतो आणि माणूस आत जाईल एवढी भोकं मागे ठेवतो. त्या अंधारात, भोकाच्या छताला किंवा बाजूच्या भिंतीला भिंगरीची जोडी चिखलाचे गोळे आणि गवताची मुळं चिकटवून अर्धी वाटी तयार करते. आत मऊ गवत, केस आणि पिसं घालते, शक्यतो पांढरी. अंधारात पांढरीच का, याची कारणं तुमची तुम्ही काढा. अंडी बहुधा तीन. उबवते मादी एकटी, सुमारे दोन आठवडे. पिल्लं तीन-साडेतीन आठवडे आत असतात. एका मोसमात दोनदा वीण करणाऱ्या जोड्याही पुष्कळ. आणि पुढच्या वर्षी, तीन हजार किलोमीटरहून अधिक अंतर जाऊन येऊन, जोडी पुन्हा त्याच भोकात.

आता गंमत पाहा. आर्डवार्क सगळीकडे नाही, विवरंही सगळीकडे नाहीत. म्पुमलांगात कापसहूप नावाचं गाव आहे, कड्याच्या अगदी काठावर. तिथे १८८०च्या दशकात सोनं सापडलं. लोक धावले, जिथे तिथे चर आणि खड्डे खणले. सोनं फार नव्हतं, लोक पांगले. खड्डे राहिले. त्या खड्ड्यांत भिंगऱ्यांनी घरटी केली. पुढे शंभर वर्षांनी कापसहूप हे या पक्ष्याचं प्रसिद्ध ठिकाण झालं, पक्षी पाहायला लोक येऊ लागले, राखीव क्षेत्र झालं. माणसानं लोभापायी पाडलेली भोकं एका पक्ष्याला घर म्हणून चालली. म्हणजे ही भिंगरी माणसाला बिचकणारी नव्हे, नाजूकही नव्हे. भोक माणसाचं असो, जनावराचं असो, तिची तक्रार नाही. मग ती संपत का आली?

इथे दुसरी गोष्ट सुरू होते. तिची जागा कुणी घेतली?

पुन्हा सोनंच. कापसहूपचं नव्हे, जोहान्सबर्गचं, १८८६ नंतरचं. खोल खाणीला छत तोलायला लाकडी खांब लागतात आणि खाण जितकी खोल तितकी लाकडाची भूक मोठी. दक्षिण आफ्रिका हा झाडांच्या बाबतीत गरीब देश. इमारती लाकडाची जी थोडी जंगलं होती ती लवकरच संपली. मग झाडं लावायची. कुठे? झाडाला पाणी लागतं. कोरड्या देशात हजार मिलिमीटर पाऊस कुठे पडतो? धुक्याच्या पट्ट्यात. आणि धुक्याच्या पट्ट्यात काय होतं? नुसतं गवत. म्हणजे, लावणाऱ्यांच्या भाषेत, काहीच नव्हतं.

मेक्सिकोचा पाइन आला. ऑस्ट्रेलियाची निलगिरी आली. आणि काळा वॉटल आला, तोही ऑस्ट्रेलियाचाच, बाभळीच्या कुळातला. १८६४ साली व्हॅन्डरप्लँक नावाच्या वसाहतवाल्यानं त्याचं बी नाताळात आणलं, सावलीसाठी आणि वारा अडवण्यासाठी. पुढे कळलं की त्याची साल कातडी कमवायला उत्तम. वॉटलचे मळे नाताळच्या डोंगरांवर पसरले. उसाच्या, चहाच्या, कोळशाच्या, रेल्वेच्या कामावर गिरमिटिये भारतीय मजूर होते हे आपल्याला ठाऊक असतं. वॉटलच्या मळ्यांतही होते. १९१२ साली नामदार गोखले गांधीजींच्या निमंत्रणावरून दक्षिण आफ्रिकेत गेले आणि गिरमिट संपलेल्या माणसांवरच्या तीन पौंडांच्या कराची चौकशी करत नोव्हेंबरात नाताळमध्ये हिंडले. डर्बनहून जोहान्सबर्गकडे जाणारी आगगाडी पीटरमारित्झबर्ग ओलांडून याच धुक्याच्या पट्ट्यात चढते. नोव्हेंबर म्हणजे भिंगऱ्यांच्या विणीचा महिना. गोखल्यांनी खिडकीतून काय पाहिलं असेल ते सोडा, त्यांच्या डोक्यात माणसं होती आणि ते योग्यच होतं. पण त्या खिडकीबाहेर दोन्ही गोष्टी होत्या, उरलेलं गवत आणि वाढत चाललेला वॉटल.

इक्सोपो नावाचं एक गाव आहे. अॅलन पेटन या लेखकाचं नाव काहींनी ऐकलं असेल. ते १९२०च्या दशकात इक्सोपोच्या शाळेत शिक्षक होते. १९४८ साली त्यांची ‘क्राय, द बिलव्हेड कंट्री’ ही कादंबरी आली आणि जगभर गेली. तिची सुरुवात इक्सोपोच्या वरच्या डोंगरांपासून होते, दाट गवताच्या, पाणी धरून ठेवणाऱ्या डोंगरांपासून. खाली दरीत मात्र जमीन झिजलेली, तांबडी, ओरबाडलेली. वर गोऱ्यांच्या शेतजमिनी, खाली काळ्यांची गर्दी. १९१३च्या जमीन कायद्यानं देशाच्या बहुसंख्य लोकांना सुमारे सात टक्के जमीन ठेवली होती, तेव्हा दरी झिजणार नाही तर काय होणार? पेटनना माणसाची गोष्ट सांगायची होती, पण गवत धरलं तर माती राहते आणि माती राहिली तर माणूस राहतो, हे त्यांना शिक्षकाच्या नजरेनं नेमकं दिसलं होतं. हा इक्सोपोचा परिसर निळ्या भिंगरीच्या उरल्यासुरल्या जागांपैकी एक. आज पेटनच्या डोंगरांवर गेलात तर मैलोगणती झाडांच्या रांगा दिसतील, मधूनमधून ऊस, आणि त्यांच्या फटीत गवताचे तुकडे. इक्सोपोजवळ एक बौद्ध साधनाकेंद्र आहे. त्यांनी आपल्या जमिनीवरची परकी झाडं काढली, गवत राखलं, भिंगरीचं ठिकाण जपलं. १९९५ साली राष्ट्राध्यक्ष मंडेलांच्या हस्ते त्या जागेला नैसर्गिक वारशाचा दर्जा मिळाला. झाडं तोडल्याबद्दल निसर्गाचा सन्मान. आपल्याकडे असं कुणी करून पाहावं, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात नाव येईल, पण सन्मानाच्या पानावर नव्हे.

झाडांनी पक्ष्याचं नेमकं काय केलं? भोकं बुजवली नाहीत. पुष्कळ भोकं आजही आहेत, पाइनच्या सावलीत. पण हातभर उंचीवरून उडणाऱ्या पक्ष्याला सलग मोकळा माळ लागतो, पाणथळीच्या काठची चिलटं लागतात. आणि झाडांनी पाणथळच संपवली.

हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. मोजलेलं आहे. म्पुमलांगात लायडेनबर्गजवळ मोकोबुलान नावाची जागा आहे. तिथे शेजारशेजारच्या गवताळ पाणलोटांतल्या ओढ्यांचं पाणी वर्षानुवर्षं मोजलं जात होतं. १९६९ साली एका पाणलोटात निलगिरी लावली. नवव्या वर्षी ओढा पूर्ण आटला. १९७१ साली दुसऱ्यात पाइन लावला. बाराव्या वर्षी तोही आटला. पुढे, लावल्यापासून सोळाव्या वर्षी, निलगिरी तोडली. झाडं गेली म्हणून लगेच पाणी आलं का? नाही. ओढा पुन्हा बारमाही व्हायला पाच वर्षं लागली, कारण झाडांनी ओढ्याचंच नव्हे तर डोंगराच्या पोटात खोल साठलेलं पाणीही ओढून घेतलं होतं.

झाड म्हणजे पाणी, हे आपण पाठ करून आलोय ना? झाडं लावा, पाऊस येईल, झरे वाहतील. पण ज्या डोंगराला झाडाची सवय नाही तिथे झाड हा पाण्याचा पंप असतो. दक्षिण आफ्रिकेनं हे नुसतं शोधनिबंधात ठेवलं नाही, कायद्यात लिहिलं. १९९८च्या राष्ट्रीय जल कायद्यानुसार झाडांची व्यापारी लागवड हा प्रवाह कमी करणारा उद्योग ठरतो आणि त्यासाठी पाणी वापरणाऱ्यासारखाच परवाना घ्यावा लागतो. माझ्या मते जगातल्या शहाण्या कायद्यांत याची गणना व्हावी. त्या काळी जलमंत्री होते कादर अस्माल, नाताळात जन्मलेले, भारतीय वंशाचे.

पण कायदा आला तोवर लागवड दहा लाख हेक्टरांच्या पुढे गेली होती. खाणीच्या खांबांची जागा कागदाच्या लगद्यानं घेतली होती, म्हणजे भूक संपली नाही, फक्त तोंड बदललं. दक्षिण आफ्रिकेत आज निळ्या भिंगरीच्या शंभराच्याही आत जोड्या उरल्या आहेत. तिथल्या लाल यादीत ती अतिसंकटग्रस्त आहे. जगभरच्या यादीत असुरक्षित, कारण उत्तरेकडच्या पठारांवर तिची थोडी बरी संख्या आहे. सगळी मिळून काही हजारांच्या आत.

आता तिसरी गोष्ट. मला जिच्यासाठी हे सगळं सांगायचं होतं ती.

जंगल तोडलं की कुणीतरी रडतं. झाडाला मिठी मारणारी माणसं निघतात, कविता होतात, मोर्चे निघतात. मग गवताचा डोंगर नांगरून तिथे झाडं लावली तेव्हा कोण रडलं? कुणीच नाही. उलट समारंभ झाले. असं का?

कारण एक सिद्धान्त होता, आणि तो विद्वानांचा होता. जॉन अॅकॉक्स हे दक्षिण आफ्रिकेचे थोर वनस्पतिशास्त्रज्ञ. अफाट पायपीट केलेला माणूस, आणि मी हे आदरानं म्हणतो. १९५३ साली त्यांचा देशातल्या वनस्पतींच्या प्रकारांवरचा ग्रंथ आला, आजही तो पायाभूत मानला जातो. त्यात त्यांनी १४०० सालचा देशाचा एक कल्पित नकाशा दिला. त्यात पूर्वेच्या ओल्या डोंगरांवर जंगल आणि झुडपं दाखवली होती. मग आजचं गवत कुठून आलं? तर आफ्रिकी शेतकऱ्यांनी आग लावली, गुरं चारली, जंगल गेलं, गवत आलं. हे गवत म्हणजे खोटं गवत.

या एका कल्पनेत किती सोय आहे पाहा. गवत खोटं असेल तर त्यावर झाड लावणं हे नुकसान नाही, ती दुरुस्ती झाली. डोंगर उजाड करणारा काळा गुराखी आणि हिरवा करणारा गोरा बागायतदार, अशी गोष्टही आपोआप तयार. अॅकॉक्सच्या मनात हे होतं असं मी म्हणत नाही. पण लावणाऱ्यांना आयती पाठराखण मिळाली.

आणि हे चूक होतं. पाणथळींच्या तळाशी हजारो वर्षांचे परागकण थरावर थर साठलेले असतात. ते उपसून पाहिले तेव्हा दिसलं की शेतकरी माणूस तिथे पोचायच्या कितीतरी आधीपासून या डोंगरांवर गवतच होतं. गवताची ही उष्ण प्रदेशातली घराणी आफ्रिकेत साठ-ऐंशी लाख वर्षांपूर्वीपासून पसरू लागली. आग तरी माणसानं आणली का? वीज पडत होतीच. कोरडं गवत, उन्हाळ्याच्या तोंडाशी ढग, वीज, आग. केपटाउन विद्यापीठाचे विल्यम बाँड हयातभर हेच सांगत आले आहेत की आग आणि चरणारी जनावरं हे गवताळ प्रदेशाचे शत्रू नाहीत, त्याचे आईबाप आहेत.

आणि गवताळ डोंगर म्हणजे नुसतं गवत तरी असतं का? त्या डोंगरावर वाकून पाहिलं तर गवताच्या जाती थोड्याच सापडतात. बहुतेक वनस्पती असतात फुलझाडं, कंदवाली, गड्डेवाली, लाकडी खोड जमिनीखाली दडवून बसलेली. वर वीतभर पानं, खाली कित्येक वर्षांचं, कधी कधी शतकांचं धन. सांगलीकडचा हळदीचा मळा पानं वाळल्यावर बघा, वरून पाहणाऱ्याला तो गेलेलाच वाटेल. आग लागली की वरचं जातं, खालचं राहतं, पंधरा दिवसांत पुन्हा कोंब. पण नांगर लागला, किंवा वीस वर्षं झाडाची गच्च सावली बसली, की खालचं मरतं. आणि ते परत येत नाही. किनाऱ्यालगतच्या भागात पाइन काढून टाकलेल्या जागांचा अभ्यास झालाय. गवत परत आलं, दिसायला छान आलं, पण ही कंदवाली मंडळी जवळजवळ आलीच नाहीत. तोडलेलं जंगल शंभर-दोनशे वर्षांत बऱ्यापैकी उभं राहू शकतं. जुनं गवत त्याहून चिवट वाटतं आणि मोडतं मात्र कायमचं.

किटुलोबद्दल सांगायचं राहिलं होतं. टांझानियाच्या या पठाराला तिथले लोक देवाची बाग म्हणतात. पावसाळ्यात तिथे जमिनीवरची ऑर्किडं उमलतात, शेकडोंनी. त्यांचे कंद उकरून झांबियाकडे विकले जायचे, तिकडे त्यांचा खाण्याचा एक पदार्थ करतात. २००५ साली पठार राष्ट्रीय उद्यान झालं, मुख्यतः या फुलांसाठी. तिथेही ही भिंगरी येते, म्हणजे फुलांच्या आसऱ्यानं तिचं भलं झालं. एरवी उद्यानं होतात ती मोठ्या जनावरांसाठी. फुलासाठी उद्यान ही कल्पनाच मला फार सुंदर वाटते.

तिचा उरलेला अर्धा संसार तर आणखी दुसऱ्याच एका जीवाच्या कृपेवर चालतो. एप्रिलमध्ये दक्षिणेत थंडी सुरू झाली की भिंगऱ्या निघतात आणि व्हिक्टोरिया सरोवराच्या भोवती, युगांडात आणि पश्चिम केनियात, ओल्या गवताळ जमिनींवर सप्टेंबरपर्यंत राहतात. केनियात यासाठी प्रसिद्ध जागा म्हणजे रुमा राष्ट्रीय उद्यान, लाम्ब्वेच्या खोऱ्यातलं. आजूबाजूला शेती, दाट वस्ती, मग या खोऱ्यातच गवत कसं उरलं? त्सेत्से माशीमुळे. निद्रारोग पसरवणारी ही माशी तिथे होती म्हणून लोक तिथे वस्तीला जात नसत. म्हणजे दक्षिणेत सोन्याच्या खड्ड्यांनी हिला घर दिलं आणि उत्तरेत एका जीवघेण्या माशीनं अंगण. यात कुणी नियोजन केलं नव्हतं. केलं ते फक्त झाडं लावण्याचं.

आता आपल्याकडे येतो. निलगिरी पर्वतावर जाऊन आलेले इथे बरेच असतील. तोडा लोकांच्या म्हशी जिथे चरत त्या उंच गवताळ माथ्यांवर इंग्रजांनी ऑस्ट्रेलियातून निलगिरी आणली आणि वॉटल आणला. हो, तोच काळा वॉटल. एकाच साम्राज्यानं दोन खंडांतल्या एकसारख्या डोंगरांवर एकच झाड लावलं, कारण दोन्हीकडे त्याला वाटलं की इथे काही नाही. सरकार गेलं, झाड राहिलं, आणि वाटणंही राहिलं. आजही आपल्या देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशात माळरानं मोडतात. सातबाऱ्यावर पोटखराबा. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झालं, तो पक्षी तर माळाशिवाय जगूच शकत नाही, तरी माळ म्हटला की आपले हात खड्डा खणायला शिवशिवतात. २०१९ साली आपल्या राज्यानं तेहतीस कोटी झाडांचा संकल्प सोडला होता. डोंगरमाथे, गायरानं, पठारं, जिथे मोकळं तिथे गिरिपुष्पाची रोपं. किती झाडं जगली हा प्रश्न सगळ्यांनी विचारला. जिथे लावली तिथे आधी काय होतं, हा प्रश्न विचारल्याचं माझ्या फारसं ऐकण्यात नाही.

आणि हे वेड आता जागतिक आहे. २०१५ साली आफ्रिकेतल्या देशांनी मिळून २०३०पर्यंत दहा कोटी हेक्टर जमिनीवर वनभूमी पुन्हा उभी करण्याचा उपक्रम जाहीर केला. हेतू हवामानाचा, पैसा बराचसा बाहेरचा. धूर काढणार श्रीमंत देश, आणि तो गिळायला झाडं उभी राहणार आफ्रिकेच्या माळावर. बाँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे विचारलं की यात किती जमीन खरोखर जंगलाची होती आणि किती गवताची? प्रश्न साधा आहे. उत्तर गैरसोयीचं आहे.

तुम्ही म्हणाल, मग तिकडे आता काही चाललंय की नाही? चाललंय. कापसहूपला कार्यकर्त्यांनी आणि अभ्यासकांनी वर्षानुवर्षं भोकं तपासली, घरट्यांच्या नोंदी ठेवल्या. स्थलांतरित प्राण्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात तिचं नाव आहे. क्वाझुलु-नाताळात उरलेल्या बऱ्याच जोड्या खासगी शेतांवर किंवा लाकूड कंपन्यांच्या जमिनीवर आहेत, म्हणून जमीनमालकांशी करार करून तुकडे राखले जातात. करारात नुसतं 'झाड लावू नका' एवढं नसतं. गवत जाळायचं असतं, पण पक्षी यायच्या आत. गुरं चारायची असतात, पण विवराच्या तोंडाशी नाही, कारण गुरांच्या पायांनी तोंड ढासळतं आणि पिल्लं आत गाडली जातात. पाणथळीच्या काठापासून लागवड मागे घ्यायची असते. आणि वॉटल काढायचा असतो. हे शेवटचं काम सर्वांत कंटाळवाणं. १९९५ साली अस्मालांच्याच खात्यानं बेकारांना रोजगार देऊन परकी झाडं तोडण्याची योजना सुरू केली, पाण्यासाठी. ती अजून चालू आहे. पण वॉटलचं बी मातीत दशकानुदशकं जिवंत राहतं आणि झाड तोडून आग लावली की उलट जोमानं उगवतं. त्यामुळे एकदा साफ केलेल्या उतारावर दोन-तीन वर्षांनी पुन्हा जावं लागतं, पुन्हा रोपं उपटावी लागतात, मग पुन्हा. १८६४ला सावलीसाठी आणलेल्या पिशवीभर बियांचा खर्च आजचा करदाता अजून फेडतोय.

व्याख्यान संपल्यावर हमखास येणारा प्रश्न मी आधीच घेतो, म्हणजे चहा वेळेवर मिळेल. मग काय झाडं लावायचीच नाहीत का? लावायची. जिथे तोडली तिथे लावायची. घाटात, ओढ्याकाठी, गावाच्या वेशीवर, रस्त्याच्या कडेला, शाळेच्या आवारात. आणि ज्या माळावर, ज्या सड्यावर लावायचा बेत ठरलाय तिथे आधी एक पावसाळा नुसतं जाऊन बसायचं. सप्टेंबरात हातभर लांबी-रुंदीची एक चौकट टाकायची आणि तीत किती प्रकारची पानं आहेत ते मोजायचं. वही-पेन्सिल पुरते. शाळेतल्या मुलांना बरोबर न्या, ती आपल्यापेक्षा लवकर मोजतात. मोजदाद झाली की वनखात्याला, ग्रामपंचायतीला दाखवा आणि मग बोला. खड्डे खणायची घाई कुणाला असेल तर त्यांना सांगा, वॉटल उपटायला दक्षिण आफ्रिकेत माणसं कमी पडताहेत.